वीतभरावरून धानाचं फूल

माझ्या मामेभावाइतका डोकं फिरवणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात नाही. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग जरा बाजूला ठेवून, पुन्हा तपासून लिहिते आहे. किराणा असो की लग्न, मी आधी यादी करते आणि एकेक ओळ खोडत जाते. या दादापायी एकच ओळ हंगामामागून हंगाम तशीच राहिली: क्लोज-अपची लेन्स घेणे.

लेन्स हवी होती मामांसाठी. कोंढ्याला त्यांची शेती, आयुष्य धानात गेलेलं. मग डोळ्यांचा पडदा खराब झाला, ऑपरेशननंही फरक पडला नाही. वीतभरापलीकडे सगळं धुकं. त्यांनी मुलाकडे एवढंच मागितलं, "धानाचं फूल एक डाव पाहू दे रे. मोठं करून." हे फूल तिळाएवढं. सकाळी थोडा वेळ उघडतं आणि मिटतं. दसऱ्याच्या सुमाराला फुलोरा येतो, आठवडाभरात संपतो. मामांचे डोळे मंदावत होते आणि आमचा दादा निवडत होता!

कॅमेऱ्याच्या आधी त्यानं ट्रायपॉड घेतला. वहिनीनं मच्छरदाणीची चौथी दोरी त्याला बांधली, ती अजून तिथंच आहे. मग जुना कॅमेरा आला. लेन्स मात्र तो याच्या-त्याच्याकडून मागून आणायचा, चालवून पाहायचा आणि परत करायचा. पवनीच्या टपरीवर जिलेबीवरच्या मुंगीचे फोटो काढताना त्यानं सगळी गिऱ्हाइकं खोळंबून ठेवली. माझ्या मुलीच्या लग्नात "फोटो मी काढतो, बाई" म्हणाला, आणि काढलं काय? नवरीच्या भुवईत अडकलेली एक अक्षत. समोरून, बाजूनं, खालून. नवरदेवाचं नाकसुद्धा कुठं नाही! व्याह्यांनी अल्बमचं विचारलं की मी अजून विषय बदलते.

गेल्या वर्षीच्या फुलोऱ्यात मी फोनवरच त्याला धरलं. "दादा, लांबवाली लेन्स घे. हातभर अंतरावरून फूल मोठं येतं. छोटीला पार वीतभर जवळ जावं लागतं."

"पाहून राहिलो ना, बाई. घाई कायले करतं?"

"मामांचे डोळे थांबणार आहेत का तुझ्यासाठी?"

त्यानं फोन ठेवला. मी बस पकडून कोंढ्याला गेले. आणि याच्या हातात कोणती? छोटी! बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या खाचराच्या बांधावर, तूर दाटलेली. तिच्यातून कॅमेरा पुढं केला तरी लोंबी हातभर लांब. आत उतरावं, तर फुलोऱ्यात धानाच्या बांधीत पाय घालायचा नाही, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. धक्क्यानं फूल झडतं, दाणा पोचट होतो. जगातल्या सगळ्या लेन्सा तपासणारा हा शहाणा आपल्याच बांधीचा नियम विसरला! मी तोंडाला येईल ते बोलले. तो तुरीत उभा राहून लेन्स पुसू लागला.

"काहून भांडून राहिले रे?" धुऱ्याच्या टोकाला बसलेल्या मामांनी विचारलं. मी कारण सांगितलं. फुलोऱ्यात वासरू घुसलं म्हणून शेजाऱ्याशी वर्षभर अबोला धरणारे हे मामा. तेच म्हणाले, "उतर. पण पाय एकाच जागी ठेवजो."

दादा चिखलात उतरला, वाकला, श्वास रोखला. फोटो निघाला. त्यानंतर कागद चकाकता घ्यावा की साधा, यावर तो विचार करू लागला, तेव्हा मी कार्ड हिसकावून भंडाऱ्याला नेलं आणि फोटो खिडकीएवढा छापून आणून मामांच्या भिंतीवर लावला.

मामा भिंतीला नाक टेकेल इतके जवळ गेले. फुलातून लोंबणाऱ्या पिवळ्या तुऱ्यांवरून त्यांनी हळूहळू चेहरा फिरवला. "हेच," म्हणाले. "हेच."

मी दादाला बाजूला घेतलं. "लांबवाली घेतली असती तर चिखलात उतरावं लागलं नसतं."

"बाबा असाच पाहे ना, बाई, वाकून, नाकापाशी. मले तसंच पाहिजे होतं." त्यानं आवाज खाली आणला. "लेन्स तं पहिल्याच साली ठरली होती. फुलोऱ्यात बांधीत उतरू दे, असं बाबाले म्हणाची हिंमत नव्हती."

एवढे हंगाम! माझा राग अजून गेलेला नाही.

यंदा मामांना वीतभरावरचंही दिसत नाही. तरी फूल उघडायच्या वेळेला ते भिंतीपाशी जाऊन उभे राहतात. दादा मागून येतो, त्यांच्या खांद्यावर हात ठेवतो आणि आयुष्यात पहिल्यांदा जराही विचार न करता सांगतो, "उघडलं, बाबा."