उजव्या पायाची उडी

सगळा क्लब त्यांना पाऊलमास्तर म्हणायचा, तेही तोंडावर. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या आणि संध्याकाळी हॉलवर मुलींना हँडबॉल शिकवायचा, असा त्यांचा नेम. सगळं जग बॉलकडे बघायचं, हे मात्र पोरींच्या बुटांकडे. फरशीवर खडूने पावलं काढून ठेवायचे: डावं, उजवं, डावं. बॉल हातात असताना तीनच पावलं टाकता येतात. तिसऱ्या, डाव्या पावलावर उडायचं, कोपर खांद्याच्या वर न्यायचं आणि कंबर वळवून उजव्या हाताने फेकायचं. "हात काय कुणीही शिकवेल, आधी पाय धड पडू देत," हे त्यांचं पालुपद. माणूस मनाचा चांगला, पण चुकलेलं पाऊल दिसलं की डोकं फिरलंच म्हणून समजा.

आणि नेमकी त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी उजव्या हाताने फेकायची आणि उडायचीही उजव्याच पायावर. दिसायला अगदी बेंगरूळ. पण गोल हमखास व्हायचा, कारण गोलकीपर डाव्या पावलाची वाट बघत राहायची आणि ही त्याआधीच बॉल सोडून मोकळी. मास्तरांना गोल दिसायचाच नाही, पाय दिसायचा. "भाचीलाच धड शिकवता आलं नाही म्हणून लोक मला हसतील," असं बहिणीला सांगून त्यांनी तिची उडी सुधारायचं काम अंगावर घेतलं.

हॉल बंद असला की घरीच, कपाट आणि जेवणाच्या टेबलामधल्या जागेत सराव. भाचीच्या डाव्या बुटाला त्यांनी लाल नाडी बांधली.

"मामा, गोल होतोय ना? मग?"

"नशिबाने होतोय तो. डावा!"

वर्षभरात उडी इतकी देखणी झाली की मास्तर बाकीच्यांना बोलावून बोलावून दाखवायचे. गोल कमी झाले होते, पण स्वारी खुशीत होती.

मग देशाच्या संघाची निवड आली. भाचीने त्या दिवसासाठी जिवाचं रान केलं होतं. तिने बॉल फेकले, एकाहून एक सुरेख. गोलकीपरने एकूणएक अडवले. निवड करणाऱ्या बाई मास्तरांजवळ आल्या.

"मागच्या वर्षी तुमच्याकडे एक उलट्या पायावर उडणारी मुलगी पाहिली होती. खास तिच्यासाठी आलेय. आज आली नाही का?"

"हीच की ती!" मास्तर फुशारकीने म्हणाले. "सुधारलं मी तिला."

बाईंनी भाचीच्या पायांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "एकदा तसं फेकायला सांगता?"

भाची धावली, अडखळली, चौथं पाऊल पडलं आणि शिट्टी वाजली. पुन्हा धावली, पुन्हा तेच. "मामा, पाय ऐकतच नाहीये," म्हणताना तिचा आवाज रडवेला झाला. तिची निवड झाली नाही.

घरी येताच मास्तरांनी ती लाल नाडी काढून टाकली. "खेळ बाळा, तुला हवं तसं," असं रोज विनवून ते कडेला उभे राहायचे, आणि पाय डावाच पडायचा. हळूहळू तिचा खेळ सुटला. ती औषधांच्या दुकानात नोकरीला लागली. मामाला कधी चकार शब्दाने बोलली नाही. एकदा कडाडून भांडली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना आजही वाटतं.

परवा ते काम संपवून घरी निघाले होते. पाइप टाकायला रस्ता खणलेला, एकापुढे एक दोन चर. पुढे भाची चालली होती, उजव्या हातात पिशवी. पहिला चर आला तशी ती धावली आणि उजव्या पायावर उडून पलीकडे गेली. तीच उडी, तशीच बेंगरूळ! पायाने काहीच टाकून दिलं नव्हतं, सगळं जपून ठेवलं होतं.

"बाळा!" त्यांनी न राहवून हाक मारली.

तिने वळून पाहिलं. मामाला बघून हसली. मग दुसऱ्या चरापाशी जरा थांबली, पाय जुळवले, आणि डावं, उजवं, डावं टाकत डाव्या पायावर व्यवस्थित उडी मारली.