झेंड्याची वहिनी

आता झेंडे छापून येतात. गठ्ठ्यानं येतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडीवर घडी. परवा सुनेनं बाजारातून तसला एक आणला, तर म्हाताऱ्यानं त्याची कड उलटून पाहिली, नखानं टाका खरवडला आणि तोंड वाकडं केलं.

"याला शिवणं म्हणायचं? नुसता चिकटवलाय."

बायको आतून म्हणाली, "झालं! वहिनींचं सुरू झालं."

वहिनी म्हणजे हाच म्हातारा. मिशा पिळदार, आवाज रिकाम्या रांजणातून आल्यासारखा, आणि नाव वहिनी. ते त्याला चिकटलं झेंड्यांच्या कारखान्यात, आणि तिथले टाके पक्के असायचे, उसवायची सोय नाही.

कारखाना म्हणजे एक लांबच लांब दालन. एका अंगाला उंच टेबलं, तिथं पुरुष उभ्यानं हातभर कात्र्या चालवायचे. दुसऱ्या अंगाला पायमशिनांची ओळ, तिथं बायका बसून शिवायच्या. पुरुषांनी कापायचं, बायकांनी शिवायचं, घड्या पुरुषांनी घालायच्या, गाडीत पुरुषांनी भरायचे आणि खांबावर चढवायचे तेही पुरुषांनीच. कुणी असं ठरवलं होतं म्हणावं, तर नाही. पण दोन अंगांच्या मधली मोकळी फरशी विनाकारण कुणी ओलांडत नसे. त्यापेक्षा भिंत बरी, तिला दार तरी असतं.

तो आधी तिथं हमाल होता, कापडाचे तागे वाहायचा. खरं तर तो सैन्यात जायचा होता. आजोबा सैन्यात, बाप सैन्यात. पोरगं चालायला लागलं तेच दाराशी पहारा द्यायला. पण भरतीच्या डॉक्टरनं पाय बघितले आणि मान हलवली. तळवे सपाट. त्या दिवशी बाप घरापर्यंत त्या पायांकडेच बघत चालला, जणू पोरानं ते कुणाकडून तरी उसने आणलेत.

एकदा ओळीतल्या चार बायका तापानं घरी राहिल्या. राष्ट्रीय दिन तोंडावर, कापडाचा ढीग छातीएवढा. ओळीच्या प्रमुख बाईला सगळे 'मोठ्या बाई' म्हणायचे. अंगानं सुपारीएवढी, पण दरडावली की मशिनं थांबायची. ती डोक्याला हात लावून बसली होती. यानं खांद्यावरचा तागा खाली ठेवला, रिकाम्या मशिनवर बसला आणि एक अख्खी कड सरळ मारून दाखवली. आई शिवणकाम करायची तेव्हा लहानपणी तो पाय मारायचा आणि ती कापड सरकवायची. पुढं पुढं दोन्ही तोच करायला लागला. आई गेली, पण हात राहिला.

बाईनं टाका डोळ्याशी धरला. "उद्यापासून तागे दुसरा कुणी वाहील," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत कात्रीवाल्यांनी बारसं उरकलं होतं. "वहिनी, आज पाणी भरलं का? वहिनी, दादा कसे आहेत?" आता गंमत बघा. बाजारातला शिंपीही पुरुषच होता आणि गाव त्याला मास्तर म्हणायचं. म्हणजे शिवणं बायकी नव्हतं. बायकांच्या ओळीत बसून शिवणं बायकी होतं.

बायका आधी त्याच्यासमोर गप्प बसायच्या. महिनाभरात विसरल्या. मग बाळंतपणं, सासवा, नवऱ्यांच्या घोरण्याचे प्रकार, सगळं त्याच्या डोक्यावरून इकडून तिकडं जायला लागलं. लग्नानंतर त्याची बायको एकदा चकित होऊन म्हणाली, "अहो, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं?" तो म्हणाला, "कारखान्यानं."

घरी मात्र बापाला, आबाला, यातलं काही ठाऊक नव्हतं. "गोदामात असतो," एवढंच त्यानं सांगितलेलं. आबानं त्यावर आपला मजला चढवला आणि चारचौघांत सांगायला लागला, "आमचा मुलगा राष्ट्राच्या झेंड्यांवर पहारा देतो." हे ऐकलं की वहिनी तिथून काढता पाय घ्यायचा. आबाला कळलं असतं तर तो ओरडला नसता. ताट घेऊन उठला असता आणि पुन्हा त्या पंगतीला बसला नसता.

अशी सहा वर्षं गेली. मग तो राष्ट्रीय दिन आला.

गावच्या चौकात मनोरा, मनोऱ्यावर खांब, आणि खांबावर चढणार तो यांच्याच ओळीनं शिवलेला मोठा झेंडा. आबा सैन्यातला कोट घालून सगळ्यांत पुढं उभा. कारखान्याची माणसं मागं. मनोऱ्यावर पहारेकरी. त्यांची एक रीत होती. झेंडा वर पोचला की दोरीला असा मर्दानी झटका द्यायचा की कापड फाडकन वाजलं पाहिजे. लोक त्यासाठीच टाळ्या वाजवायचे. मोठ्या बाई दरवर्षी पुटपुटायची, "मेल्यांनो, झेंडा आहे तो, बैल नाही."

त्या वर्षी वारं होतं. झटका बसला, कापड वाजलं, आणि दोरीच्या पट्टीजवळची शिवण वरून उसवत निघाली. झेंडा अर्ध्या अंगानं लोंबकळायला लागला. चढलेला झेंडा सूर्य मावळेपर्यंत खाली घ्यायचा नाही हा नियम.

पहाऱ्याचा अधिकारी धावत खाली आला. "हा झेंडा शिवतं कोण?"

मोठ्या बाईनं गळ्याशी टोचलेली सुई काढली. "मी. चला."

"बाई मनोऱ्यावर चढत नाही."

"मग तुमच्यातला कोण शिवतो ते सांगा."

अधिकाऱ्यानं आपल्या माणसांकडं पाहिलं. खांबावर चढणारे सगळे होते, सुईत दोरा ओवणारा एक नव्हता. तेवढ्यात कात्रीवाल्यांतून कुणीतरी ओरडलं, "आमच्या वहिनीला पाठवा की!" आणि हशा पिकला. पुढं उभ्या असलेल्या आबानं मान वळवली.

वहिनी न बोलता उभा राहिला असता तर ती गंमत समजून सगळे विसरले असते.

मोठ्या बाई हळूच म्हणाली, "नको वाटत असेल तर नको जाऊ. मी भांडतेच आहे यांच्याशी."

वर शिवण आणखी चार बोटं उसवली. आपल्या ओळीची शिवण अशी सगळ्या गावासमोर उसवत जाताना त्याला बघवेना. त्यानं बाईच्या हातातली सुई घेतली.

खांबाला लोखंडी पायऱ्या होत्या. कमरेला दोर बांधून तो चढला. सपाट तळवे पायऱ्यांवर छान बसत होते. खालून दोन पहारेकऱ्यांनी कापड ताणून धरलं आणि त्यानं मेणाच्या दोऱ्यानं टाका टाका भरायला घेतला, घरी बसल्यासारखा. मध्ये एकदा खाली पाहिलं. सगळ्यांचे चेहरे वर. आबाचा उजवा हात कपाळाशी. झेंडा पुरता फडकेपर्यंत सलामी सोडायची नाही, ही त्याची सवय. तो हात झेंड्यासाठी होता की आणखी कशासाठी, हे आबाला विचारायची सोय नव्हती.

खाली आल्यावर अधिकाऱ्यानं पाठ थोपटली, कात्रीवाल्यांनी खांद्यावर घेतलं. मोठ्या बाईनं हात पुढं केला. "चढलास तू, ठीक आहे. सुई माझी आहे, परत दे." पुढच्या वर्षीही तिला मनोऱ्याच्या पायरीवरच अडवलं, त्याच्या पुढच्याही. मरेपर्यंत ती दरवर्षी सुई घेऊन तिथं जाऊन उभी राहायची.

घरी आबा खाटेवर बसला होता.

"गोदामात असतोस म्हणे."

"गोदामाच्या शेजारी."

"बायकांत?"

"हो."

"आणि वहिनी म्हणतात?"

"हो, आबा."

ताटं वाढून झाली होती. मग आबा उठला. याला वाटलं, आता ताट घेऊन जाणार. पण आबानं खुंटीवरचा तो कोट काढला आणि त्याच्या मांडीवर टाकला.

"दुसरं बटण लोंबतंय. मास्तर नीट लावत नाही."

त्यानं सुई घेतली, दोरा ओवला.

"आधी दार लाव," आबा म्हणाला.

दार त्यानं लावलं नाही. उजेड तिकडूनच येत होता. आबानंही पुन्हा सांगितलं नाही. जवळ सरकून बसला आणि टाका बघत राहिला.