छबिन्याच्या घोड्याची नाल

वडिलांच्या उजव्या मनगटावर बैलानं लाथ घातली तेव्हा मी सांगलीला, विश्रामबागेतल्या कॉलेजात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. हाड जुळलं, पण वाकडं. त्या हातानं घास उचलता यायचा, हातोडा नाही.

वडील नालबंद. घोड्यांना नाला आणि बैलांना पत्र्या मारणं हाच आमचा धंदा. शेत म्हणावं तर वडूजच्या अंगाला माळावरचा एक तुकडा, त्यात बाजरीसुद्धा रुसून यायची. ट्रॅक्टर आल्यापासून बैल कमी झालेच होते, हात गेल्यावर उरलेली गिऱ्हाइकंही दुसरीकडे वळायला लागली. आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची आणि संध्याकाळी कुणी विचारलं तर म्हणायची, "चाललंय की बरं." बरं काही चाललं नव्हतं.

सुट्टीला घरी आले की वडील मला शिकवायचे. आधी बाभळीच्या ओंडक्यावर खिळे, मग मेंढरांमागं फिरणाऱ्यांच्या तट्टांवर. ती माणसं पोरगी म्हणून कधी अडली नाहीत. तट्टंही गरीब होती. खूर मांडीत धरला की डुलक्या काढायची.

शेजारच्या गावच्या यात्रेत छबिन्याला पालखीपुढं मानाचा घोडा चालतो. काळाभोर, उंच. यात्रेदिवशी सकाळीच त्याचा मालक घोडा घेऊन आमच्या दारात. पुढचा डावा पाय उघडा.

"आवं, नाल पडली. तेवढी बसवा."

वडिलांनी वाकून खूर बघितला. बाहेरची कड फुटून ढलपी उडाली होती.

"पडली, का पाडली?"

मालक घोड्याच्या मानेवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मेव्हण्याला साडेसाती लागलीय. अंगठीला काळ्या घोड्याची नाल पायजे हुती. लय मागं लागला, मग दिली पकडीनं काढून."

"आरं गड्या, अंगठीला आपसूक पडलेली नाल लागती. उपटलेली चालत न्हाई. शनी गेलाच न्हाई, खूर मातूर गेला."

"आता बसवता का न्हाई? पण तुमचा हात..."

"ही बसवंल."

मालकानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी घोडा चोरायलाच आले होते. "आवं, ही कालेजात जाती न्हवं?"

"जाती की. कालेजात काय हात काढून ठेवत्यात व्हय?"

आई हसली. मला हसू आलं नाही. खिळा चुकून जिव्हाळीत, खुरातल्या जिवंत मांसात, गेला असता तर घोडा पालखीपुढं, सगळ्या गावादेखत लंगडला असता. मग आमच्या दारात कुणी जनावर बांधलं नसतं. आणि आईच्या एकटीच्या मजुरीवर घर आणि माझं कॉलेज दोन्ही चालणार नव्हतं. हे मला माहीत होतं, वडिलांनाही.

मी खूर मांडीत घेतला. घोडा तट्टासारखा नव्हता. त्याच्या अंगातली थरथर माझ्या मांडीला कळत होती. तळवा तासला, कानशीनं कड सपाट केली. नवी नाल लावून बघितली, काढली, ऐरणीवर थोडी मिटवली, पुन्हा लावली. खुराच्या तळाला कडेनं एक पांढरी रेघ असते. तिच्या आत जीव असतो, बाहेर नख. खिळा त्या रेघेच्या आत जाता कामा नये. खिळ्याची तिरकी बाजू आत ठेवायची, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या अंगाला निघतं.

आतल्या बाजूचे खिळे नीट गेले. कठीण नखातून जाताना खिळा टणटण वाजतो, आणि घाव घालावा तसा आवाज चढत जातो. वडील डोळे मिटून तोच ऐकत बसले होते.

बाहेरच्या बाजूला पहिलाही चांगला गेला. दुसरा, फुटलेल्या कडेजवळचा, दोन घावांनंतर बद्द वाजला. घोड्यानं कान पाठीमागं पाडले आणि पाय हिसकला.

"लागला!" मालक ओरडला.

मी खिळा उपसून टोक बोटावर घासलं. कोरडं होतं. रक्त नाही, ओल नाही. पण जागा कच्ची होती.

"हे भोक मोकळं ठेवायचं," मी म्हणाले.

"एक खिळा कमी? आन् छबिन्यात नाल निघाली मंग? समदा गाव थुकंल माझ्यावर. ठोक तिथंच, जरा तिरका."

मी वडिलांकडं बघितलं. ते मालकाकडंही बघेनात, माझ्याकडंही. एवढंच म्हणाले, "हातोडा जिच्या हातात, तिनं ठरवायचं."

"न्हाई ठोकणार," मी म्हणाले. टाचेच्या अंगाला नख धड होतं, तिथं एक खिळा घेतला. सगळ्यांची टोकं पिळून मोडली, उरलेली वळवून दाबली, वरून कानस फिरवली. मालक घोडा घेऊन गेला.

संध्याकाळी आम्ही तिघंही त्या गावाला गेलो. ढोल वाजत होते, गुलालानं पुढचं दिसत नव्हतं. मी घोड्याच्या तोंडाकडं बघितलंच नाही, फक्त त्या पायाकडं. देवळापुढं दगडी उतार आहे, नाल निघायची तर तिथंच. घोडा उतारावर घसरला. आईनं माझं मनगट आवळलं. त्यानं तोल सावरला, पाय पुन्हा टेकला आणि भार दिला. सरळ. ढोल थांबले तेव्हा चारी पायांचा आवाज सारखा आला. वडील म्हणाले, "चला, भूक लागली."

मालक पालखीमागून आडवा आला. मला वाटलं, आता काहीतरी ऐकवणार. "पोरी," तो म्हणाला, "बाकीच्या तीन पायांच्या नालाबी झिजल्यात. कवा येऊ?"

तो आला, आणि त्याच्या मागून बाकीचेही. पुढच्या वर्षी मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. आणि त्या घोड्याला आजही नाल मीच मारते.