आप्पांची साखर आणि माझा पहारा

माझ्या वडिलांना, आप्पांना, मधुमेह झाला आणि त्याचा राग मला आला. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही नवीन पनवेलला नुकतेच राहायला आलो होतो. इमारतीत सहा बिऱ्हाडं, त्यांपैकी चार घरांत साखर निघालेली. पण कुणालाच त्याचं गांभीर्य नाही. लोक गोळी घेऊन वर बासुंदी खात होते! मी मात्र ठरवलं, आमच्या घरी हा ढिसाळपणा चालणार नाही.

आप्पांचा चहा बिनसाखरेचा झाला, भात वाटीने मोजून, आणि सकाळी फाट्यापर्यंत चालून येणं सक्तीचं. त्यांच्या वाटणीचे लाडू, शिरा, श्रीखंड त्यांच्या नजरेसमोर राहू नयेत म्हणून मी तत्परतेने संपवत असे. (त्यागाची ही बाजू घरात कुणी कधी लक्षात घेतली नाही.)

सुकापूरचे म्हात्रे आप्पांचे मित्र. मुलीचं लग्न ठरलं म्हणून ते पेढे घेऊन आले, तर मी त्यांना दारातच फैलावर घेतलं. मधुमेही माणसाच्या घरी पेढे आणणं हा गुन्हा आहे, असं बरंच काही ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "आप्पांना नाय वो आनले. तुमी खा. तुमाला कुटं काय झालंय?"

हे मला पटलं. मी खाल्ले.

दर रविवारी सकाळी आप्पांची लघवी तपासायची. तेव्हा घरोघरी हीच पद्धत होती: काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. रंग निळाच राहिला तर ठीक, हिरवा-पिवळा झाला तर साखर, विटेसारखा लाल झाला तर कठीण. माझी बायको सुनंदा हिने हा कारखाना स्वयंपाकघरातून हाकलून बाल्कनीत नेला होता.

तर सलग तीन रविवार आप्पांचा रंग निळा. मला संशय आला. सत्तरीचा माणूस इतका आज्ञाधारक असूच शकत नाही. नक्की लघवीत पाणी घालत असणार. खात्री करायला म्हणून निरोगी माणसाचा नमुना शेजारी ठेवायचं ठरवलं. निरोगी माणूस म्हणजे अर्थातच मी.

दोन्ही नळ्या तापल्या. आप्पांची निळी राहिली. माझी हिरवी झाली, पिवळी झाली आणि बघता बघता विटेसारखी लाल.

मी आप्पांकडे वळून विचारलं, या वयात नमुन्यांच्या बाटल्या बदलताना काहीच वाटलं नाही का? आप्पांनी देवाची शपथ घेतली. सुनंदा म्हणाली की बाटल्यांवर नावं तिने स्वतः चिकटवली होती. मग मी दाराला कडी लावून, कुणालाही जवळ फिरकू न देता पुन्हा तपासणी केली. पुन्हा वीट.

म्हणजे औषध भेसळीचं! ती निळ्या औषधाची बाटली घेऊन मी तडक औषधाच्या दुकानात गेलो आणि भर गर्दीत दुकानदाराची हजेरी घेतली. लोकांच्या जिवाशी खेळता, चांगल्या धडधाकट माणसाला रोगी ठरवता, वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "नमुना कोणाचा होता, साहेब?"

"माझा!" मी ओरडलो.

दुकानातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. मग रांगेतले एक गृहस्थ आपुलकीने म्हणाले की कारल्याचा रस सुरू करा. मागच्या बाईंनी मेथी सुचवली, तिसऱ्याने जांभळाच्या बियांची पूड. सगळी रांग मधुमेहाच्याच गोळ्यांसाठी उभी होती. त्यांनी मला इतक्या सहजपणे आपल्यात सामावून घेतलं की माझा संताप आणखीच वाढला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रक्त तपासलं. औषधात काही खोट नव्हती. गेले दोन महिने लागणारी जी तहान मी पनवेलच्या उकाड्यावर ढकलत होतो, तीही उकाड्याची नव्हती. पायाला जखम होऊ देऊ नका, डोळे तपासून घ्या, हा आजार अंगावर काढू नका, असं त्यांनी बजावलं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. सोबत आलेल्या आप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग डॉक्टरांनी आप्पांचे कागद पाहिले आणि खूश झाले. म्हणाले, "यांची साखर फारच छान आटोक्यात आहे. घरात यांच्यावर जो माणूस लक्ष ठेवतो ना, त्यालाच तुमच्यावरही लक्ष ठेवायला सांगा."

मी मान खाली घालून म्हटलं, "दुसरं कुणी सुचवा, डॉक्टर. तो माणूस अजिबात भरवशाचा नाही."