धाकटीच्या हातचा घट

आमच्या घरात नवरात्राचा घट बसवायचा मान पाळी गेलेल्या बाईचा. नऊ दिवस परडीतल्या काळ्या मातीला पाणी घालायचं, वर रोज एक माळ बांधायची. मध्येच बाहेर बसायची वेळ आली तर घटाला हात कोण लावणार, म्हणून ही रीत. नाशिकला लागून आमचा झेंडूचा मळा आहे. दसऱ्याला आमची फुलं शहरभर जातात, पण घरच्या देवीला पाणी कुणी घालायचं ते बाईच्या पोटात काय चाललंय त्यावर ठरतं. मला हे कधी पटलं नाही. पण माझ्या पटण्यावर आमच्या घरात एक चपातीसुद्धा लाटली जात नाही.

सासूबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हापासून त्यांची नजर माझ्या थोरल्या जावेवर होती. तिला तीन मुलं, आणि तिसऱ्यानंतर लगेच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. "ऑपरेशनवाल्या बाईची लवकर जाती," सासूबाई ठासून सांगायच्या. "चाळिशी गाठली का सुटलीच ती." थोरलीनं चाळिशी गाठली, पंचेचाळिशी ओलांडली, लेकीचं लग्न लावलं, तरी तिची पाळी येतच राहिली. "माझी दूधवाल्यासारखी हाय," ती हसून म्हणायची, "सुट्टी घेत नाय."

मी धाकटी. मला मूल नाही. गोळ्या नाहीत, तांबी नाही, ऑपरेशन नाही. मला त्यांची कधी गरजच पडली नाही. नणंदेच्या डोहाळजेवणात मी ओटीचं ताट उचललं, तर आमच्या चुलतसासूबाईंनी ते माझ्या हातातून अलगद काढून घेतलं. "लेकुरवाळीनं भरायची असती गं," त्या म्हणाल्या, तेही अगदी गोड आवाजात. कुणी वसकन अंगावर आलं तर मी उलट बोलू शकते, गोड बोलण्यापुढं माझं काही चालत नाही. तेव्हापासून कुणाची ओटी भरायची असली की मी आपली स्वयंपाकघरात भजी तळायला बसते.

त्रेचाळिसाव्या वर्षी माझी पाळी चुकली. पुढच्या महिन्यातही आली नाही. मला वाटलं, दिवस राहिले. इतक्या वर्षांनी का होईना, राहिले. पार पंचवटीत जाऊन, जिथं आम्हाला कुणी ओळखत नाही अशा मेडिकलमधून मी तपासणीची पट्टी आणली. एकच रेघ उमटली. दुसरी पट्टी आणली, तिच्यावरही एकच. मग न्हाणीघरात नळ सोडून मी पोटभर रडले.

वर्ष गेलं तरी पाळी आली नाही. बसल्या जागी अंगातून वाफा निघायच्या, घामानं ब्लाउज भिजायचा. शेवटी थोरलीच मला ओढून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई एकेक विचारत होत्या. मुलं किती? नाहीत. गर्भ कधी राहिला होता? नाही. गोळ्या, तांबी? कधीच नाही. आईची पाळी कधी गेली? आईचीही लवकर गेली होती, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर आठवलं. रक्त तपासलं आणि त्यांनी सांगितलं, तुमची पाळी गेली.

थोरलीला राहवेना. "माझं तर ऑपरेशन झालंय, मग माझी कशी जात नाय?"

"ऑपरेशननं नुसती नळी बंद होते," बाई म्हणाल्या. "बीजकोश आपलं काम करतच राहतो. त्यानं पाळी लवकर जात नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मूल न झालेल्या बायकांची थोडी लवकर जाते असं दिसतं, पण सगळ्यांचीच नाही. आईची लवकर गेली असेल तर लेकीचीही जाऊ शकते. यात तुमची काही चूक नाही. आता हाडांना जपा." चूक नाही, हे वाक्य मला इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "मंग यंदा घट धाकटी बसवील." थोरलीचा चेहरा उतरला, खोटं कशाला बोलू. मान तिचा होता. आणि मला हसावं की रडावं ते कळेना. मूल नाही म्हणून माझ्या हातातलं ताट गेलं होतं. आता, डॉक्टरीणबाईंचं खरं धरलं तर, कदाचित त्याचमुळे परडी हातात येत होती. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. उगवलंच नाही तर? वांझेच्या हातचं कुठं उगवतं, असं म्हणायला भाऊबंद टपलेलेच असतात.

मळ्यातली माती मी स्वतः चाळून आणली, गहू पेरले. पहिल्या दोन दिवसांत मी परडीत इतक्या वेळा डोकावले की देवीलाच संकोच वाटला असेल. तिसऱ्या माळेला पांढरे कोंब दिसले. पाचव्या माळेला थोरली बाहेर बसली. देवघराच्या उंबऱ्यापलीकडं उभं राहून ती मला सांगत होती, "पाणी बेतानं घाल. मुळं कुजतील." तीन लेकरांची आई दाराबाहेर आणि मी आत. आम्हा दोघींनाही ते विचित्र वाटत होतं.

दसऱ्याला घट दाटून आला होता. सोनं द्यायला चुलतसासूबाई आल्या, परडीकडं बघून थबकल्या. "थोरलीच्या हाताला यश हाय," त्या म्हणाल्या.

थोरलीनं माझ्याकडं पाहिलं. ती नुसती हसली असती तरी भागलं असतं, मीही काही बोलले नसते.

"माझ्या नाय, काकू," ती म्हणाली. "मी पाचव्या माळेला बाहेर होते. पेरल्यापासून सगळं हिचं."

चुलतसासूबाई परडीकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं. शेवटी त्यांनी हात पुढं केला. "दे बाई, धान दे."

मी परडीत उगवलेलं धान उपटलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. जरा जास्तच ठेवलं.