मावशीनं कालिनाला ओलांडलं

लेओकाडियामावशीचा चेहरा लुब्लिनमध्ये कुणी ओळखत नाही, आवाज मात्र घराघरात ओळखतात. टीव्हीवरच्या इंग्रजी प्राणिपटांचं पोलिश तीच करते आणि तीच वाचते. आमच्या पोलंडमध्ये टीव्हीवर एकच आवाज सगळ्यांचं बोलतो, तोही सपाट. कोल्हीण मेली तरी सपाट. नाट्यशाळेतून नवीनच बाहेर पडले होते तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "मावशी, जरा रडवेलं वाच की!"

"रडायचं ते बघणाऱ्यानं. मीच रडले तर त्यानं काय करायचं?"

पिल्लाला पिसं फुटणं, बछड्याचे दात पडणं, आईला सोडून एकट्यानं शिकारीला निघणं, असं वाढण्याचं सगळं इंग्रजी तिच्या हातून पोलिश झालेलं. म्हणून तर वरच्या मजल्यावरची बोझेना तिच्याकडे आली.

बोझेनाची कालिना नऊ वर्षांची, दिसायची पाचाची. जन्म इंग्लंडातला, तपासण्याही परत येण्याआधी तिथेच झालेल्या. आता तिथल्या डॉक्टरीणबाई कॉम्प्युटरच्या पडद्यावरून निकाल सांगणार होत्या आणि बोझेनाचं इंग्रजी तिथल्या गोदामातली खोकी उचलण्यापुरतं.

"परक्याच्या तोंडून नाही हो ऐकवणार," ती म्हणाली. "तुमचा आवाज लहानपणापासून घरातला आहे."

दुपारी मावशीच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो. कालिना जमिनीवर पालथी पडून घोडा रंगवत होती. कॉम्प्युटर वाजला. मावशी चहाचा ग्लास घेऊन लगबगीनं निघाली आणि सरळ पोरीवरून पाय टाकून पलीकडे गेली.

"बाई!" बोझेना किंचाळली. "ओलांडलंत तिला! मागे फिरा, उलट ओलांडा!"

"अगं, त्या आल्या पडद्यावर..."

"वाढणार नाही हो माझी पोर!"

डॉक्टरीणबाई हसून बोलायलाही लागल्या होत्या. मावशी खुर्चीत टेकली. असल्या समजुतींची मी एरवी नक्कल करून दाखवते. त्या दिवशी मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"वाढीचं इंजेक्शन रोज द्यावं लागेल," मावशीचा आवाज सुरू झाला. "उंची वाढेल. तुमच्याइतकी नाही, पण वाढेल."

बोझेनाची नजर पडद्याकडे नव्हतीच. ती जमिनीकडे बघत होती.

मग डॉक्टरीणबाई बराच वेळ, सावकाश बोलल्या. मावशीनं तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना.

"थांबलात का? काय म्हणाल्या?"

"सांगते."

"मरणार आहे का ती?"

"नाही गं!" मावशीचा आवाज चिरकला. तो तसा चिरकलेला मी कधीच ऐकला नव्हता. बोझेनानं टेबलाची कड घट्ट धरली.

मी मावशीच्या कानाशी वाकले. "आत्ता काहीतरी मोघम सांग. बाकीचं नंतर."

"मला ऐकू येतंय हं," खालून कालिना म्हणाली.

मावशीनं एक घोट घेतला. ग्लास बाजूला सारला. मग तिनं कोल्हीण मेली तेव्हाचा तो सपाट आवाज लावला.

"उंची वाढेल, पण वयात येणं आपोआप होणार नाही. वेळ आली की त्यालाही औषध लागेल, पुढे कित्येक वर्षं. औषध घेतलं की तीही मोठी बाई होईल. बाकीचं ती स्वतः विचारू लागली की बोलू, असं त्या म्हणतात."

पडदा काळा झाला.

"तुम्ही ओलांडलंत," बोझेना हळूच म्हणाली.

"तपासण्या तर गेल्या महिन्यातल्या..." मी सुरुवात केली.

"तू गप्प बस," मावशी मला म्हणाली आणि उठली.

कालिना उताणी झाली, हात अंगाशी चिकटवून ताठ पडली. "लवकर करा, फरशी गार आहे."

टेबलाला धरून, पाठमोरी, मावशीनं पाय उचलला. पाऊल क्षणभर पोरीवर अधांतरी राहिलं. मग ते पलीकडे टेकलं.

"झालं?" कालिना उठून बसली. "आता किती वाढेन?"

"त्या म्हणाल्या तेवढी."

बोझेनानं खुर्ची पुढे ओढली. "पुन्हा सांगा. पहिल्यापासून. आणि बाई, त्याच आवाजात."