सशाला वाढलेला भात

एकोणीसशे साठच्या सुमारास, बोटीवरच्या नोकरीला परत जाताना आमच्या ह्यांनी मला सोबत म्हणून एक पांढरा ससा आणून दिला. सासू वारली होती, मूलबाळ नव्हतं. मिठबावच्या घरात मी एकटीच. एका माणसापुरतं रांधायचा कंटाळा येई. म्हणून मी दोघांचं शिजवायची आणि जेवताना माझ्याशेजारी सशाला वाटीत भात घालायची. तो खायचाही.

महिन्याभरात त्याचं पोट फुगलं आणि त्याने खाणं सोडलं. आजारी माणसाला देतात तशी मी त्याला मऊ पेज दिली. त्याने तोंड फिरवलं. तो मरतोय असं वाटून मी शेजारच्या काकींना बोलावलं. नवऱ्याच्या पानासारखी माझ्या पानाशेजारी मांडलेली वाटी बघून त्या म्हणाल्या, “गो, ससो काय तुझो घोव आसा, बाजूक बसवन भात वाढतंस तो? तेका सुका गवत घाल!”

भात त्याच दिवशी बंद केला. अंगणात त्याच्यापुढे सुक्या गवताचा ढीग ठेवला, मूठभर दुर्वा, थोडा मुळ्याचा पाला आणि पाणी. पहिल्या दिवशी त्याने गवत नुसतं हुंगलं. दुसऱ्या दिवशी लेंड्या दिसल्या आणि तो कुरतडू लागला. पुढे चांगली पाच वर्षं जगला.

पण गवत सोडून तो घरात येईना. मी जेवायला बसताना हाक मारायची. तो कान हलवायचा, इतकंच. काही दिवसांनी मी हाक मारणं सोडलं आणि चुलीपाशी उभ्याउभ्याच जेवू लागले.